लाओसचा ‘लाल राजपुत्र’ सुफानुवोंग : ही भाऊबंदकी होती की राजकारण?

घाटमाथा यांचा प्रश्न :

गेल्या हिवाळ्यात लाओसमधील लुआंग प्रबांग येथे चार दिवस राहण्याचा योग आला. तेथील जुन्या राजवाड्याचे आता संग्रहालय झाले आहे. चपला आणि पिशव्या बाहेर ठेवून अनवाणी आत जावे लागते आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. राणीच्या दिवाणखान्यात एका रशियन चित्रकाराने १९६७ मध्ये काढलेली राजा सवांग वत्थना, राणी आणि युवराज यांची पूर्णाकृती तैलचित्रे आहेत. त्या तिघांचे पुढे काय झाले, याबद्दल मात्र मला त्या दालनात एक ओळही आढळली नाही. आमच्या वाटाड्याला विचारले, तेव्हा तो “ते उत्तरेकडे गेले” एवढेच बोलला आणि पुढच्या दालनाकडे वळला.

परत आल्यावर थोडे वाचन केले आणि गोंधळ अधिकच वाढला. ज्या राजवटीने १९७५ मध्ये राजेशाही संपवली, तिचा पहिला राष्ट्राध्यक्ष राजघराण्यातलाच राजपुत्र सुफानुवोंग होता. त्याच वेळी देशाचे पंतप्रधान असलेले सुवन्ना फुमा हे त्याचे सावत्र भाऊ होते. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे एक भाऊ व्हिएंतियानमध्ये सरकार चालवत होता आणि दुसरा जंगलात राहून त्या सरकारविरुद्ध लढत होता. आपल्याकडच्या इतिहासात भाऊबंदकीची उदाहरणे पैशाला पासरी सापडतात, त्यामुळे माझ्या मनात प्रथम तोच शब्द आला. जाणकारांनी कृपया दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. राजवाड्यात वाढलेला माणूस साम्यवाद्यांचा नेता कसा झाला? आणि राजाच्या वाट्याला जे आले, त्यात या राजपुत्राचा हात कितपत होता?

---

जुना_नकाशा यांचे उत्तर :

तुमच्या पहिल्या प्रश्नातच एक दुरुस्ती करावीशी वाटते. सुफानुवोंग राजवाड्यात वाढला असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. लुआंग प्रबांगमध्ये राजाच्या घराण्याला समांतर असे उपराजाचे एक घराणे होते, आणि सुफानुवोंग हा उपराज बुनखोंग यांचा धाकटा मुलगा, जन्म १९०९ चा. त्याची आई सामान्य घरातली होती. थोरले फेत्सरात (जन्म १८९०) आणि मधले सुवन्ना फुमा (जन्म १९०१) हे मात्र बुनखोंग यांच्या पट्टराणीचे मुलगे, म्हणजे एकमेकांचे सख्खे भाऊ होते. घरातला हा दर्जाचा फरक पुढच्या सगळ्या घटनांचे कारण होता असे मी म्हणणार नाही, कारण असे सोपे मानसशास्त्र मला कधीच पटलेले नाही. पण धाकट्या राणीच्या शेंडेफळाला दरबारातले मानाचे पद मिळण्याची शक्यता कमी होती आणि त्याला स्वतःच्या पायावर उभे राहणे भाग होते, एवढे त्यातून नक्की निघते.

त्याने शिक्षण घेतले ते स्थापत्य अभियांत्रिकीचे. हनोईत शालेय शिक्षण झाल्यावर तो पॅरिसला गेला आणि पूल व रस्ते बांधणीच्या तिथल्या नामांकित संस्थेतून १९३७ च्या सुमारास पदवी घेऊन परतला. परतल्यावर नेमणूक झाली ती लाओसमध्ये नव्हे, तर व्हिएतनाममध्ये, फ्रेंचांच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. तेथेच न्हा त्रांग या किनाऱ्यावरच्या गावातील एका हॉटेल-मालकाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे त्याने लाओ दरबारापासून दूर, व्हिएतनामी माणसांत, फ्रेंच वरिष्ठांच्या हाताखाली काम करत आणि पूल-रस्ते बांधत घालवली. १९४५ मध्ये हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा त्यांना भेटायला गेलेला हा राजपुत्र व्हिएतनामी भाषा सहज बोलत होता आणि त्याचे सासरही तिकडचेच होते. व्हिएत मिन्हची, म्हणजे हो ची मिन्ह यांच्या साम्यवादी स्वातंत्र्य-आघाडीची, सोबत घेऊनच तो लाओसमध्ये परतला.

आता तुमच्या ‘भाऊबंदकी’कडे येतो, कारण तो शब्द पूर्णपणे चुकीचा नाही, फक्त तुम्ही तो चुकीच्या जागी वापरला आहे. जपानच्या शरणागतीनंतर १९४५ च्या शरद ऋतूत खरी फूट पडली ती राजाचे घराणे आणि उपराजाचे घराणे यांच्यात. राजा सिसवांग वोंग आणि युवराज सवांग वत्थना यांचा कल फ्रेंचांच्या संरक्षणाखाली पुन्हा जाण्याकडे होता. उपराज फेत्सरात यांना ते मान्य नव्हते. त्यांनी संपूर्ण लाओसच्या ऐक्याची आणि स्वातंत्र्याची बाजू घेतली, तेव्हा राजाने त्यांना पदांवरून दूर केले, आणि दोनच दिवसांनी, १२ ऑक्टोबर १९४५ रोजी, व्हिएंतियानमध्ये ‘लाओ इस्सरा’ म्हणजे ‘स्वतंत्र लाओ’ सरकार स्थापन झाले. या सरकारात सुवन्ना फुमा आणि सुफानुवोंग दोघेही होते. तिन्ही भाऊ एका बाजूला आणि सिंहासन दुसऱ्या बाजूला, असे ते चित्र होते.

फ्रेंच परत आले तेव्हा पहिला मोठा घाव बसला तो थाखेक या मेकाँगकाठच्या गावात. २१ मार्च १९४६ रोजी तोफा आणि विमाने यांच्या साहाय्याने फ्रेंचांनी ते घेतले. सुफानुवोंग होडीतून नदी ओलांडून पलीकडच्या सयामी तीरावर जात असताना विमानातून झालेल्या गोळीबारात तो गंभीर जखमी झाला. होडीतले त्याचे सोबती मारले गेले आणि तो वाचला. पुढची तीन वर्षे तिन्ही भाऊ बँकॉकमध्ये निर्वासित म्हणून राहिले.

भावाभावांत फूट पडली ती १९४९ मध्ये, आणि तिचे कारण वतन किंवा वारसा हे नव्हते. फ्रेंचांनी लाओसला मर्यादित स्वायत्तता देऊ केली, तेव्हा ती पत्करून परत जावे आणि उरलेले हळूहळू मिळवावे, असे सुवन्ना फुमा यांचे मत पडले. फेत्सरात यांनी तडजोड नाकारली, पण ते बँकॉकमध्येच थांबले आणि १९५७ पर्यंत परतले नाहीत. सुफानुवोंगने तडजोडही नाकारली आणि थांबणेही नाकारले. तो व्हिएत मिन्हकडे गेला आणि ऑगस्ट १९५० मध्ये प्रतिकार सरकारचा प्रमुख झाला. त्याच सरकारच्या घोषणेतल्या ‘पाथेत लाओ’ म्हणजे ‘लाओ देश’ या शब्दांवरून पुढे त्या चळवळीला जगभर नाव पडले. आपल्याकडच्या वाचकाला हा पेच अनोळखी वाटू नये, कारण मिळेल ते पदरात पाडून घ्यावे की पूर्ण मिळेपर्यंत हात लावू नये, हा वाद आपल्या मवाळ-जहालांनीही घातला होता. फरक इतकाच, की तेथे दोन्ही पक्ष एकाच बापाचे मुलगे होते.

---

शंकेखोर यांचे उत्तर :

वरील विवेचन उत्तम आहे, पण त्यात राजपुत्राला जरा जास्तच मध्यवर्ती स्थान मिळाले आहे, असे माझे नम्र मत आहे.

पाथेत लाओची खरी सूत्रे केसोन फोमविहान यांच्या हातात होती. सवन्नाखेतमध्ये १९२० साली जन्मलेला, व्हिएतनामी वडिलांचा हा मुलगा हनोईत शिकत असतानाच चळवळीत आला होता. २२ मार्च १९५५ रोजी जो साम्यवादी पक्ष स्थापन झाला, त्याचे नेतृत्व केसोन यांच्याकडे होते आणि तो पक्ष पुढची वीस वर्षे जाणीवपूर्वक पडद्याआड ठेवला गेला. लोकांसमोर होती ती ‘नेओ लाओ हक सात’ म्हणजे लाओ देशभक्त आघाडी आणि तिच्या अध्यक्षस्थानी राजपुत्र. शेतकऱ्याला मार्क्स समजावण्यापेक्षा ‘आपले राजपुत्र फ्रेंचांशी लढताहेत’ हे समजावणे सोपे होते, आणि परदेशी पत्रकारांनाही तीच कथा अधिक भावत होती. ‘लाल राजपुत्र’ हे बिरुद चिकटले ते वर्तमानपत्रांमुळेच. १९७५ नंतर तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि केसोन पंतप्रधान झाले, पण पक्षाचे सरचिटणीसपद केसोन यांच्याकडेच राहिले, यातच सगळे आले.

त्यामुळे ‘राजपुत्र साम्यवाद्यांचा नेता कसा झाला’ यापेक्षा ‘साम्यवाद्यांनी राजपुत्र पुढे का ठेवला’ असा प्रश्न विचारला, तर उत्तर अधिक लवकर सापडेल.

---

जुना_नकाशा यांचे उत्तर :

शंकेखोर यांचा मुद्दा मान्य आहे, पण पूर्ण नाही. नुसता मुखवटा असलेल्या माणसाला मते मिळत नाहीत. पहिले संमिश्र सरकार नोव्हेंबर १९५७ मध्ये बनले, त्यात सुवन्ना फुमा पंतप्रधान आणि सुफानुवोंग नियोजन व पुनर्बांधणी खात्याचा मंत्री होता. अभियंत्याला अखेर आपल्याच देशात आपले काम मिळाले, असे म्हणायला हरकत नाही. मे १९५८ मध्ये २१ जागांसाठी पुरवणी निवडणूक झाली. देशभक्त आघाडीने ९ आणि तिच्या मित्रपक्षाने ४, म्हणजे मिळून १३ जागा जिंकल्या. स्वतः राजपुत्र राजधानी व्हिएंतियानमधून भरघोस मतांनी निवडून आला. घाबरलेल्या अमेरिकेने मदत रोखली, सुवन्ना फुमा यांचे सरकार पडले आणि उजव्या गटाचे सरकार आले. जुलै १९५९ मध्ये त्या सरकारने सुफानुवोंग व त्याच्या सहकाऱ्यांना तुरुंगात टाकले.

---

पणजोबांची_पेटी यांचे उत्तर :

या चर्चेत भारताचा उल्लेख अद्याप आलेला नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

१९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या तिन्ही देशांत युद्धबंदीवर देखरेख ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमले गेले. त्यांत भारत, कॅनडा आणि पोलंड हे सदस्य होते व अध्यक्षपद भारताकडे होते. माझे चुलत आजोबा सैन्यात होते आणि लाओसच्या आयोगात त्यांनी काही काळ काम केले. आम्ही मुले त्यांना नाना म्हणत असू. सातारा जिल्ह्यातल्या घरी त्यांच्या लोखंडी पेटीत त्या काळची दोन-तीन पत्रे आणि जीपसमोर उभे असल्याचे एक छायाचित्र अजून आहे. नाना सांगत, “कॅनडावाला म्हणणार, चूक डाव्यांची. पोलंडवाला म्हणणार, चूक उजव्यांची. मग दोघेही आमच्याकडे बघत बसणार, आणि आम्ही दिल्लीच्या तारेची वाट बघत बसणार.” तीन राजपुत्रांची गोष्ट मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली, आणि ती सांगताना ते सुवन्ना फुमांना नेहमी “थोरले” आणि सुफानुवोंगला “धाकटे” असे म्हणत, जणू गावातल्या एखाद्या वाड्यातलीच माणसे असावीत.

वरच्या प्रतिसादाला जोडून एक गोष्ट सांगावीशी वाटते. संमिश्र सरकार आले, निवडणूक पार पडली, आता आयोगाचे काम संपले, अशी भूमिका लाओ सरकारने घेतल्यामुळे जुलै १९५८ मध्ये लाओसमधील आयोगाचे काम तहकूब झाले. बरोबर एका वर्षाने राजपुत्र तुरुंगात गेला. पाहणारे कोणी उरले नव्हते. आयोग परतला तो १९६१ मध्ये, तोवर देशात उघड युद्ध पेटले होते. आयोग असता तर अटक टळली असती, असे मी म्हणत नाही, कारण आयोगाचे दात किती होते हे नानांनीच सांगून ठेवले आहे. पण निदान ती नोंदली गेली असती.

आणि हे काम बिनधोक होते असेही नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हिएंतियानहून हनोईला निघालेले आयोगाचे विमान वाटेत नाहीसे झाले. त्यात १३ जण होते आणि त्यांत भारतीयही होते. ते विमान आजतागायत सापडलेले नाही.

---

डोंगरवाट यांचे उत्तर :

राजपुत्राच्या तुरुंगातून सुटकेची हकीकत कोणीच सांगितली नाही, याचे आश्चर्य वाटते. व्हिएंतियानच्या फोन खेंग छावणीत ठेवलेल्या या कैद्यांनी महिनोन्‌महिने आपल्या पहारेकऱ्यांशी बोलत राहून त्यांनाच आपल्या बाजूला वळवले. २३ मे १९६० च्या रात्री पावसात सुफानुवोंग आणि त्याचे सहकारी लष्करी पोलिसांच्या गणवेशात बाहेर पडले, आणि काही पहारेकरीही त्यांच्याबरोबरच गेले. तेथून ईशान्येच्या हुआफान प्रांतापर्यंतची वाट त्यांनी मुख्यतः पायी तुडवली आणि त्यात कित्येक महिने गेले. तेव्हा राजपुत्राने पन्नाशी ओलांडलेली होती. शंकेखोर यांनी त्याला मुखवटा म्हणावे, माझी तक्रार नाही, पण हा मुखवटा बराच चालणारा होता.

मी दोन वर्षांपूर्वी हुआफानमधील व्हिएंगसाय येथे गेलो होतो. आजूबाजूला चुनखडीचे उभे सुळके आहेत आणि त्यांच्या पोटात गुहा आहेत. १९६४ ते १९७३ या काळात पाथेत लाओचे सगळे नेते आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसे या गुहांत राहिली. त्या नऊ वर्षांत अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या केल्या आणि २० लाख टनांहून अधिक बाँब टाकले. हे आकडे वाचताना काही जाणवत नाही. जाणवते ते गुहेच्या आतल्या खोलीत गेल्यावर. काँक्रीटच्या जाड भिंती, जहाजावर असते तसे लोखंडी दार, आणि विषारी वायूचा हल्ला झाल्यास आतली हवा शुद्ध राखण्यासाठी बसवलेले, हाताने फिरवायचे एक यंत्र. एवढ्या खोलीत माणसे किती वेळ तग धरतील, याचा हिशेब माझ्या मनात आपोआप सुरू झाला. बाहेर शेती रात्री केली जाई. एका मोठ्या गुहेत नाटके आणि गाण्यांचे कार्यक्रम होत, तर दुसरीत रुग्णालय होते.

सुफानुवोंगच्या गुहेसमोर बाग आहे आणि तेथेच एक छोटा स्तूप आहे. तो त्याच्या मुलाचा आहे. हा मुलगा १९६७ मध्ये याच भागात मारला गेला. स्तूपापाशी फारसे कोणी थांबत नाही, कारण ध्वनिफितीवरचे निवेदन तुम्हाला लगेच पुढच्या गुहेकडे बोलावते. मी थांबलो. ज्या सरकारशी हे युद्ध चालू होते, त्याचे पंतप्रधान त्या मुलाचे सख्खे नसले तरी काकाच होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

---

घाटमाथा (प्रश्नकर्ता) :

सर्वांचे मनापासून आभार. सुवन्ना फुमा यांच्याबद्दल मात्र कोडे सुटत नाही. १९६२ च्या जिनिव्हा करारानंतर तटस्थ सुवन्ना फुमा, डावा सुफानुवोंग आणि चंपासाकच्या घराण्यातले उजवे बुन ओम अशा तीन राजपुत्रांच्या गटांचे सरकार बनले, इथपर्यंत मला समजले. मग पुन्हा युद्ध का? आणि राजाबद्दलच्या माझ्या दुसऱ्या प्रश्नाला सर्वांनीच बगल दिली आहे.

---

जुना_नकाशा यांचे उत्तर :

युद्ध पुन्हा का, याचे उत्तर थोडक्यात देतो. करारानुसार सगळ्या परकीय सैन्यांनी देश सोडायचा होता. उत्तर व्हिएतनामने आपले सैन्य खऱ्या अर्थाने काढले नाही, कारण दक्षिण व्हिएतनाममधल्या युद्धासाठी माणसे आणि रसद नेणारा हो ची मिन्ह मार्ग लाओसमधून जात होता. अमेरिकेनेही मग छुपे युद्ध चालू ठेवले. १ एप्रिल १९६३ रोजी परराष्ट्रमंत्री किनिम फोलसेना यांची व्हिएंतियानमध्ये हत्या झाली, तेव्हा आपल्याही जिवाला धोका आहे असे सांगून सुफानुवोंग राजधानी सोडून गेला. त्याची मंत्रिपदाची जागा सुवन्ना फुमा यांनी कित्येक वर्षे नावापुरती तशीच ठेवली. त्यांच्यावर टीका करणारे याला दुबळेपणा म्हणतात. मला ते दार उघडे ठेवणे वाटते, आणि १९७३ मध्ये समझोता झाल्यावर एप्रिल १९७४ मध्ये धाकटा भाऊ त्याच दाराने राजधानीत परत आला.

राजाच्या प्रश्नाला बगल दिली, हा आरोप मान्य करतो. २ डिसेंबर १९७५ रोजी राजेशाही संपली, ती रक्त न सांडता. राजाने पदत्याग केला, सुफानुवोंग राष्ट्राध्यक्ष झाला, आणि पदच्युत राजा सवांग वत्थना यांना राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार म्हणून नेमण्यात आले. सुवन्ना फुमाही सरकारचे सल्लागार झाले. ते व्हिएंतियानमध्येच राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये तेथेच वारले. राजाचे तसे झाले नाही. मार्च १९७७ मध्ये बंडखोरांशी संबंध असल्याच्या संशयावरून राजा, राणी आणि युवराज यांना लुआंग प्रबांगहून हुआफानमधल्या छावणीत नेण्यात आले. तुमचा वाटाड्या म्हणाला ते ‘उत्तरेकडे’ ते हेच. तिघेही परतले नाहीत. सरकारने त्यांच्या मृत्यूची तारीख आणि कारण रीतसर कधी जाहीर केले नाही. १९८९ मध्ये फ्रान्सच्या दौऱ्यावर असताना केसोन यांनी राजाचे वृद्धापकाळाने निधन झाल्याचे जाता जाता सांगितले, तेवढेच.

आता सुफानुवोंगचा हात. शंकेखोर म्हणतात त्याप्रमाणे निर्णय पक्षाचा होता आणि पक्ष केसोन यांचा होता, हे मी मान्य करतो. पण मग तोच युक्तिवाद त्याला सोडवत नाही, हेही मान्य करावे लागेल. ज्याला राजा सल्ला देणार होता, तो राष्ट्राध्यक्ष हाच होता. आपल्या सल्लागाराला कोठे नेले, हे त्याला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे, आणि त्याने उघडपणे त्याविरुद्ध शब्द काढल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. थाखेकच्या होडीतून वाचलेल्या आणि तुरुंगातून पायी निघालेल्या माणसाबद्दल मला आदर आहे. मार्च १९७७ मध्ये गप्प बसलेल्या माणसाबद्दल तो वाटत नाही. दोन्ही माणसे एकच होती, हे खरे.

---

पणजोबांची_पेटी यांचे उत्तर :

आपल्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा वाडा आहे, तो पाहताना मला नेहमी सवांग वत्थनांची आठवण येते. थिबाला परक्यांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीत वारला, पण त्याची समाधी कोठे आहे हे कोणालाही दाखवता येते.

---

शंकेखोर यांचे उत्तर :

जुना_नकाशा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. १९८६ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे सुफानुवोंगने राष्ट्राध्यक्षपदाचे काम सोडले, पद मात्र नावाला १९९१ पर्यंत त्याच्याकडेच राहिले आणि ९ जानेवारी १९९५ रोजी त्याचे निधन झाले. आज लुआंग प्रबांगमधल्या विद्यापीठाला त्याचे नाव आहे. घाटमाथा, तुम्ही राजवाड्यातून विमानतळाच्या दिशेने गेला असाल, तर पाट्यांवर ते नाव वाचलेही असेल.

---

घाटमाथा (प्रश्नकर्ता) :

वाचले होते. तेव्हा वाटाड्याने न विचारताच सांगितले होते, की हे आमचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ते राजपुत्र होते, हे त्यानेही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.